माशाच्या अंड्यांना ऊब कोण देतं?

मैत्रिणींनो, जिरे सोडले आणि आठ दिवसांनी तळ्यात काहीच दिसेना, अशी तक्रार पावसाळ्यातल्या मासिक बैठकीत दरवर्षी कुठल्या तरी गटाकडून येतेच. मग बोलणी सुरू होतात. कोणी म्हणतं हॅचरीवाल्याने मापात मारलं, कोणी म्हणतं बीच खराब होतं, कोणी म्हणतं तळ्याला नजर लागली. गटाने अंतर्गत कर्ज काढलेलं असतं, हप्ता तर चुकत नाही, आणि ज्या ताईने पुढाकार घेतलेला असतो तिच्याकडे सगळ्याजणी बघायला लागतात. या सगळ्या बोलण्यात एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. त्या दिवशी पाणी किती गरम होतं?

या अंकातला पाठ त्या एका प्रश्नावर आहे.

कोंबडीपासून सुरुवात करू, कारण ती आपल्या प्रत्येकीच्या ओळखीची आहे. कोंबडी खुडूक बसते, एकवीस दिवस अंड्यांना अंगाची ऊब देते, दाणा खायला उठली तरी लगेच परत येऊन बसते. अंडी गार पडली तर वाया जातात हे तिला कळतं. माशाचं तसं नाही. कटला, रोहू, मृगळ यांची मादी पाण्यात अंडी सोडते, नर त्यावर वीर्य सोडतो आणि दोघं निघून जातात. मग अंडी उबवायची कोणी? पाण्याने. माशाचं अंडं, त्यातून निघालेलं पिल्लू आणि मोठा मासासुद्धा, कोणालाच आपल्यासारखं स्वतःचं गरम अंग नसतं. पाणी जेवढं गरम तेवढंच त्यांचं अंग गरम. म्हणजे तुमचं तळं हीच खुडूक कोंबडी आहे, आणि ती नीट बसली आहे का हे बघायचं काम तुमचं.

ही गोष्ट आपल्या भागातल्या जुन्या माणसांना वेगळ्या शब्दांत माहीत आहे. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की उल्हास, काळू, भातसा या नद्यांतून, ओढ्या-नाल्यांतून मासे उलटे वर चढायला लागतात आणि भाताच्या खाचरांत शिरतात. आपण त्याला वलगण म्हणतो. रात्री बत्ती घेऊन माणसं निघतात, आणि सापडलेले मासे बहुतेक गाबोळीने भरलेले असतात. मासे नेमके तेव्हाच का चढतात? मे महिन्यात उथळ पाणी तापून पार कढत झालेलं असतं. पहिल्या पावसाने ते एकदम काही अंशांनी उतरतं, ढग येतात, नवं वाहतं पाणी येतं. माशाला कळतं की आता अंडी टाकायची वेळ झाली. खाचरातलं उथळ पाणी कोमट, त्यात पिल्लांना खायला बारीक जीव भरपूर, मोठे शिकारी मासे कमी. बाळंतपणाला माहेरी यावं तसंच हे. (पोटात अंडी असलेली मादी पहिल्याच रात्री कालवणात गेली तर पुढच्या वर्षी ओढ्यात मासा कुठून येणार, हे प्रत्येकीने आपल्या घरात एकदा तरी बोलावं असं मला वाटतं. निदान पहिला आठवडा तरी वलगण सोडून द्यावी.)

आता आपल्या तळ्यातल्या माशांकडे येऊ. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे मोठ्या वाहत्या नद्यांचे मासे. साचलेल्या तळ्यात ते वाढतात, पण अंडी टाकत नाहीत. पूर्वी त्यांचं बी नदीतून गोळा करावं लागायचं, आणि त्यात नको त्या जातीही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी डॉ. अलिकुन्ही यांनी माशाच्या डोक्यातल्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींना तळ्याकाठी अंडी द्यायला लावलं. म्हणून १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आज हॅचरीत तयार इंजेक्शन मिळतं, गोल टाकीत पाणी फिरत ठेवतात आणि त्यात अंडी तरंगत राहतात. फलन झालेलं अंडं पाणी पिऊन फुगतं आणि भिजलेल्या साबुदाण्यासारखं पारदर्शक दिसतं. पांढरट, दुधाळ झालं की ते मेलं असं समजायचं.

हे अंडं फुटायला किती वेळ लागतो? पाणी २७ ते ३१ अंशांच्या दरम्यान असेल तर साधारण १४ ते २० तास. पाणी गार असेल तर जास्त वेळ, गरम असेल तर कमी. मग कोणालाही वाटेल की गरम पाणी चांगलं, काम लवकर उरकतं. इथेच गंमत आहे. आपल्या मुंबईतच, वर्सोव्याला, केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी रोहूची अंडी २६, ३१, ३३ आणि ३६ अंश अशा चार वेगवेगळ्या तापमानांच्या पाण्यात ठेवून बघितली. २००६ साली त्यांनी तो अभ्यास प्रसिद्ध केला. पाणी जसं गरम तशी अंडी लवकर फुटत गेली, पण सगळ्यात जास्त अंडी फुटली ती ३१ अंशाला, आणि सगळ्यात कमी ३६ अंशाला. भाकरीसारखंच आहे बघा. तवा फार तापला तर भाकरी लवकर करपते, शिजत नाही. फार गरम पाण्यात अंड्यातल्या जिवाचं अंग नीट घडायच्या आधीच ते फुटतं, शेपटी वाकडी, पाठीला बाक, आणि असं पिल्लू पोहूच शकत नाही.

गार पाण्याचं नुकसान वेगळं. अंडं फुटायला जितका वेळ जास्त, तितका वेळ ते बुरशीच्या तोंडी. हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते सायप्रिनसमध्ये. सायप्रिनस साचलेल्या पाण्यातही अंडी देतो, म्हणून ज्या गटांना स्वतः बी तयार करायचं आहे त्यांनी त्याच्यापासूनच सुरुवात करावी. जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसाळ्यात, असे वर्षातून दोनदा तो अंडी देतो. त्याची अंडी चिकट असतात. पाण्यातल्या वनस्पतीला, काथ्याच्या झुपक्याला किंवा पिंजलेल्या नायलॉनच्या दोरीला ती चिकटतात. मेलेल्या अंड्यावर कापसासारखी बुरशी धरते आणि ती शेजारच्या जिवंत अंड्यालाही गिळते.

सायप्रिनसचा हिशोब आपल्या बचतीच्या हिशोबासारखा आहे. त्याच्या अंड्याला फुटण्यासाठी साधारण ६० ते ७० "अंश-दिवस" लागतात. म्हणजे काय? पाणी २० अंश असेल तर एका दिवसात अंड्याच्या खात्यात २० जमा झाले. दुसऱ्या दिवशी ४०, तिसऱ्या दिवशी ६०. म्हणजे तीन ते साडेतीन दिवसांत अंडं फुटणार. पाणी २६ अंश असेल तर दोन दिवसांत ५२ जमा, आणि अडीच दिवसांत काम झालं. मुरबाड-शहापूरकडे जानेवारीत रात्री चांगल्याच गार पडतात. टाकीतलं पाणी १८ वर आलं तर तेच अंडं साडेतीन ते चार दिवस पडून राहील, आणि तेवढे दिवस बुरशीला मोकळं रान. म्हणून घाई न करता फेब्रुवारीच्या मध्यावर, पाणी २४-२५ च्या पुढे गेल्यावर, जोड्या टाकीत सोडाव्यात हे मी आवर्जून सांगेन. ज्यांना जानेवारीतच करायचं आहे त्यांनी पांढरी पडलेली अंडी रोज काढून टाकावीत. डोंबिवली-कल्याणकडच्या ज्या ताई गच्चीवर किंवा अंगणात गोल्डफिश वाढवून कुर्ल्याच्या बाजारात देण्याचा विचार करतात, त्यांनाही हा हिशोब कामी येईल. गोल्डफिश हा सायप्रिनसच्याच कुळातला, आणि त्याच्या अंड्यांचं गणित जवळपास हेच.

आता सगळ्यात नाजूक काळ. अंडं फुटलं, पिल्लू बाहेर आलं. ते केसाएवढं बारीक असतं, त्याला तोंड नसतं, आणि पोटाला बलकाची पिशवी लटकलेली असते. आईने दिलेली शिदोरीच म्हणा. सुमारे तीन दिवस ते या शिदोरीवर जगतं. शिदोरी संपता संपता तोंड उघडतं आणि त्याला बाहेरचं खाणं लागतं. याच वेळी ते "जिरे" म्हणून तुमच्याकडे येतं. पाणी गरम असेल तर शिदोरी लवकर संपते, कारण गरम अंग जास्त जाळतं. पाणी दहा अंशांनी वाढलं की माशाच्या अंगातली जाळपोळ ढोबळमानाने दुप्पट होते. मग भूकही दुप्पट आणि श्वासही दुप्पट.

आणि नेमकं गरम पाण्यातच श्वासाला हवा कमी. हे जरा नीट समजून घ्या, कारण बऱ्याच मरतुकीचं मूळ इथे आहे. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. २० अंशाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशाला साडेसात. ३५ अंशाला ७. म्हणजे पाणी तापलं की घरात खाणारी तोंडं वाढली आणि रेशन मात्र कमी झालं, अशी गत. पहाटेच्या वेळी तर आणखी वाईट, कारण रात्रभर शेवाळ आणि इतर वनस्पतीसुद्धा प्राणवायू खातात. तळ्यात जलपर्णी माजलेली असेल, उल्हास नदीच्या काठच्या गावांनी ती दर उन्हाळ्यात बघितलीच आहे, तर पाण्यावर झाकण घातल्यासारखं होतं. सावली हवी म्हणून जलपर्णी ठेवू नका. सावलीसाठी हिरवी शेडनेट बांबूवर बांधा, आणि तीही तळ्याच्या एक-तृतीयांश भागावरच, कारण बाकीच्या पाण्यावर ऊन पडलं तरच पिल्लांचं खाणं तयार होतं.

आता बी आणण्याचा दिवस डोळ्यांपुढे आणा. समजा तुमच्या गटाने एक लाख जिरे मागवले. हॅचरीत पाणी २८ अंश होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू भरून सकाळी टेम्पो निघाला. नाशिक हायवेवर भिवंडी बायपासला ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकला. उघडीप होती, ऊन कडक. दुपारी दीडला पिशव्या गावात पोचल्या तेव्हा आतलं पाणी ३३ वर गेलेलं. इकडे तळ्यात आदल्या रात्री जोराचा पाऊस पडून पाणी २६ वर उतरलेलं. ताईंनी हौसेने हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, पिशवीचं तोंड सोडलं आणि जिरे तळ्यात ओतले. एका क्षणात सात अंशांचा फरक! तापाने फणफणलेल्या बाळाला विहिरीच्या पाण्यात बुडवलं तर काय होईल? जिऱ्याचंही तेच होतं. ते लगेच मरत नाही, आधी सुन्न पडतं, तळाला बसतं, आणि चोवीस तासांत संपतं. मेलेलं जिरं वर तरंगत नाही, तळाशीच काही तासांत कुजून जातं. म्हणून तळं बघणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि आठ दिवसांनी जाळं ओढल्यावर बैठकीत भांडण लागतं.

उलटही होतं. बी रात्रीच्या गारव्यात आलं, पिशवीत २६, आणि काळ्या कागदाच्या उथळ शेततळ्यात दुपारचं पाणी ३४. तोही तेवढाच झटका. काळा कागद ऊन शोषतो, आणि गुडघाभर पाणी तर दोन तासांत तापतं. म्हणून संगोपनाच्या तळ्यात निदान तीन-साडेतीन फूट पाणी हवंच. जास्त पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, मोठ्या हंड्यासारखं.

यावर उपाय सोपा आहे, फक्त घाई करायची नाही. बी शक्यतो रात्री किंवा पहाटे प्रवासाला काढायला सांगा. दिवसा आणावंच लागलं तर पिशव्यांवर ओलं गोणपाट टाका आणि ते वाटेत सुकू देऊ नका. सोडायची वेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. पिशवी तोंड न सोडता तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवा, पंधरा-वीस मिनिटं तरी. मग तोंड उघडा, आतलं आणि बाहेरचं तापमान मोजा. फरक दोन अंशांपेक्षा जास्त असेल तर तळ्याचं पाणी वाटीवाटीने पिशवीत घालत राहा, दर दोन-तीन मिनिटांनी एक वाटी. फरक गेला की पिशवी आडवी करा आणि जिऱ्यांना आपणहून बाहेर पोहत जाऊ द्या. वरून ओतू नका. पूजा करायची असेल तर ती पिशव्या तरंगत असताना करा, तेवढा वेळ आपोआप जातो आणि फोटोही होतात!

थर्मामीटरबद्दल एक सूचना. आशाताईंकडचा ताप बघायचा थर्मामीटर इथे चालत नाही, कारण तो ३५ अंशांपासूनच सुरू होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा, शून्यापासून वर मोजणारा काचेचा थर्मामीटर घ्या. त्याला दोरी बांधा, कोपरभर खोल सोडा, दोन मिनिटं थांबा आणि चटकन वाचा. उन्हात वरचं पाणी खालच्यापेक्षा गरम असतं, म्हणून पृष्ठभागावरचा आकडा धरू नका. रोज दोनदा मोजा, सकाळी सहाच्या सुमारास आणि दुपारी तीनला. संगोपनाचे पहिले पंधरा-वीस दिवस, म्हणजे जिरे इंचभर होईपर्यंत, हे काम चुकवायचं नाही. गटात पाळ्या लावा, नाहीतर ते एकाच ताईच्या अंगावर पडतं.

मोजून करायचं काय? दुपारी ३२ च्या वर जायला लागलं की शेडनेट ओढा आणि विहिरीचं किंवा बोअरचं पाणी थोडं थोडं सोडा. हे पाणी गार असतं पण त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून पाइप सरळ तळ्यात बुडवू नका. भोकं पाडलेल्या बादलीतून किंवा झारीतून उंचावरून पडू द्या, पडता पडता ते हवा घेऊन येतं. असं उन्हाच्या दिवशी त्या वेळचं खाद्य कमी करा. खाद्य उरलं की कुजतं, आणि कुजताना तेही प्राणवायूच खातं. चार-पाच दिवस झड लागून पाणी २५ च्या खाली गेलं तर पिल्लं खाणं कमी करतात, तेव्हाही हात आखडता घ्या. पहाटे पिल्लं काठाला येऊन तोंड वर काढताना दिसली तर कशाचीही वाट न बघता पाणी उंचावरून पाडायला सुरुवात करा.

सगळी मरतूक तापमानामुळे होते असं मात्र नाही. तळ्यात पाणकिडे असले किंवा जुनी मरळ राहिली असली तर कितीही थर्मामीटर बुडवा, उपयोग नाही. बी यायच्या आधी तळं सुकवणं, चुना मारणं, शेण टाकून पाणी हिरवट करणं, हे झालंच पाहिजे. आधी म्हटलं तसं, शिदोरी संपलेलं पिल्लू पहिल्याच दिवशी खायला मागतं.

आणि वेळ साधा. आपल्याकडे कटला-रोहूचं बी जुलैत, फार तर ऑगस्टच्या सुरुवातीला तळ्यात पडलेलं बरं. तेव्हा पाणी सहसा २६ ते ३० च्या आसपास टिकून असतं आणि पुढे वाढीला चार महिने मिळतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात उरलेलं बी स्वस्तात मिळतं म्हणून काही गट थांबतात. मला हा सौदा पटत नाही. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारचं पाणी तापतं, रात्री निवतं, पिल्लांना रोजची ओढाताण. ती वाचली तरी लगेच थंडी येते, पाणी २० च्या जवळ आलं की वाढ मंदावते, आणि आपली बरीचशी गावतळी एप्रिल-मेमध्ये आटायला लागतात. मासा मोठा व्हायला वेळच उरत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर दोन-तीन गटांनी मिळून एकच मोठी मागणी नोंदवा. शेततळं किंवा संगोपन तळं नव्याने करायचं असेल तर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना मान्य खर्चाच्या ६० टक्के अनुदान आहे, जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करा.

हॅचरीला फोन कराल तेव्हा तीन गोष्टी विचारा आणि वहीत लिहून ठेवा. अंडी कधी फुटली, म्हणजे जिरे किती दिवसांचे आहेत. पिशवी भरताना पाणी किती अंश होतं. आणि कोणत्या मापाने, किती वाट्या मोजल्या. बी घरी आल्यावर त्याच पानावर पिशवीचं तापमान, तळ्याचं तापमान, सोडल्याची वेळ आणि हजर ताईंच्या सह्या. पुढे काही बिनसलं तर हॅचरीवाल्याशी बोलताना हे पान तुमच्या हातात असेल, आणि गटाच्या बैठकीतही तेच पुढे ठेवता येईल.